दोन मित्रांच्या दोन खोल्या

जर्मनीतल्या ग्युस्ट्रो गावात, काचकाम करणाऱ्या एका कारागिराच्या घरी १७८५ साली एक मुलगा जन्मला. त्याचं नाव केर्स्टिंग. तो कोपनहेगनच्या अकादमीत चित्रकला शिकला आणि पुढे ड्रेस्डेन शहरात आला.

तिथे त्याला दोन मित्र मिळाले. दोघेही चित्रकार, दोघेही त्याच्याहून मोठे आणि नावाजलेले.

एकाचं नाव क्युगेल्गेन. तो माणसांची चित्रं काढायचा. कवी गोएथेचंही त्याने काढलं होतं. त्याची काम करायची खोली गच्च भरलेली असे. प्लास्टरचे पुतळे, भिंतीवर चित्रं, टेबलावर बाटल्याच बाटल्या.

दुसरा कास्पार डाव्हिड फ्रीडरिश. तो डोंगर, समुद्र, धुकं रंगवायचा. त्याच्या खोलीत एक ईझल, एक खुर्ची, एक टेबल. भिंतीवर पॅलेट टांगलेले, शेजारी एक गुण्या. रंगांची पेटी, तेलाच्या बाटल्या, ब्रश पुसायची फडकी हे सगळं त्याने शेजारच्या खोलीत हलवलं होतं. खिडकीचा खालचा भाग लाकडी झडपांनी बंद; वरच्या तावदानांतून येईल तेवढाच उजेड. डोळ्यांपुढे वस्तू असल्या की मनातलं चित्र विस्कटतं, असं त्याला वाटायचं. निसर्ग रंगवणारा माणूस खिडकी झाकून बसतो, याचं लोकांना नवल वाटलं तर त्यात नवल नाही.

१८०८ च्या नाताळात फ्रीडरिशने याच शहरात आपलं एक नवं चित्र लोकांना दाखवलं. चित्र होतं चर्चमधल्या वेदीसाठी, पण त्यात होता एक डोंगरमाथा, फरची झाडं आणि त्यांच्यामध्ये उभा क्रूस. रामडोर नावाच्या टीकाकाराला ते मुळीच रुचलं नाही. निसर्गचित्राने वेदीवर चढायचं म्हणजे काय, असं त्याने छापून टाकलं. तेव्हा फ्रीडरिशची बाजू घेऊन जे जाहीरपणे लिहू लागले, त्यांत क्युगेल्गेन होता.

१८११ साली केर्स्टिंगने दोन्ही मित्रांना त्यांच्या त्यांच्या खोलीत काम करताना रंगवलं. एका चित्रात त्याने पुतळे, बाटल्या, सगळा पसारा प्रेमाने मांडला. दुसऱ्यात उघडी भिंत उघडीच ठेवली. शोभेसाठी तिथे काही आणून टांगलं नाही. त्याच वर्षी ड्रेस्डेनच्या प्रदर्शनात दोन्ही चित्रं लागली.

दोन वर्षांनी नेपोलियनविरुद्ध युद्ध पेटलं. केर्स्टिंग स्वयंसेवकांच्या पलटणीत निघाला. त्याच्या तयारीच्या खर्चाला दोघा मित्रांनी हातभार लावला.

क्युगेल्गेनला त्या रिकाम्या खोलीत काम सुचलं असतं असं वाटत नाही. फ्रीडरिशला तर त्या गर्दीत नक्कीच सुचलं नसतं. पण तू माझ्यासारखा राहा, असा हट्ट त्यांच्या मैत्रीच्या आड आला नाही. आणि दोघांकडे जाणाऱ्या तरुण चित्रकाराने कोणाची खोली बरोबर, हा निवाडा केलाच नाही. आपल्याला मात्र दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकलं की आधी त्याचं सामान लावून द्यायची घाई होते.

केर्स्टिंग युद्धातून सुखरूप परतला. १८१८ साली त्याला माइसेनच्या पोर्सेलीन कारखान्यात चित्रकारांचा प्रमुख नेमलं. कपबश्यांवर, फुलदाण्यांवर रंग चढवणाऱ्या हातांवर देखरेख करणं, हे काम त्याने १८४७ साली मरेपर्यंत केलं. १८११ नंतरही फ्रीडरिशची ती खोली त्याने पुन्हा रंगवली होती. तेव्हाही तिच्यात सामान काही वाढलेलं नव्हतं.