पक्षिचित्राची समीक्षा आणि हिताचे सत्य

पक्ष्यांच्या छायाचित्रांची समीक्षा ही वरवर पाहता केवळ रुचीची बाब वाटते. परंतु दुसऱ्याच्या कामातील उणीव त्याला केव्हा, कशी आणि कोणत्या अधिकाराने सांगावी, हा तिच्या मुळाशी असलेला प्रश्न नीतीचा आहे, आणि नाशिकच्या भूमीला तो नवा नाही. त्रिरश्मी डोंगरातील, म्हणजेच पांडवलेण्यांतील, दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख असून, तेथे वर्षावास करणाऱ्या भिक्षूंची चीवरे व इतर गरजा भागाव्यात म्हणून 3000 कार्षापणांची कायम ठेव गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यवसायसंघांकडे, ठेवल्याची नोंद त्यात आहे. वर्षावास म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने भिक्षूंनी एके ठिकाणी राहणे, आणि त्याच्या अखेरीस विनयाने, म्हणजे भिक्षूंच्या आचारनियमांनी, सांगितलेला विधी म्हणजे प्रवारणा. या विधीत ज्येष्ठापासून कनिष्ठापर्यंत प्रत्येक भिक्षू संघाला विनंती करतो की, आपला जो दोष कोणी पाहिला, ऐकला किंवा ज्याची शंका आली, तो अनुकंपेने सांगावा.

या विधीत टीकेचा अधिकार टीकाकाराच्या विद्वत्तेतून येत नाही, तर ऐकणाऱ्याने दिलेल्या आमंत्रणातून येतो. दोष सांगणाऱ्यावरही विनयाने पाच बंधने घातली आहेत : त्याचे बोलणे योग्य वेळी व्हावे, ते खरे असावे, सौम्य असावे, ऐकणाऱ्याच्या हिताचे असावे आणि मैत्रीच्या भावनेतून आलेले असावे. सौम्यता सत्याची जागा घेत नाही आणि सत्य कठोरपणाचा परवाना ठरत नाही, हे या पाचांच्या एकत्र असण्यातून स्पष्ट होते.

वर्षावास संपतो त्या आश्विनाच्या सुमारास निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरील नांदूर मध्यमेश्वरच्या जलाशयावर स्थलांतरित बदके उतरू लागतात आणि हिवाळाभर छायाचित्रकारांची तेथे रीघ लागते. रामसर करारानुसार आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत समाविष्ट झालेले हे महाराष्ट्रातील पहिले स्थळ असून, 2020 च्या जानेवारीत तसे जाहीर झाले. अशा ठिकाणी टिपलेल्या चित्राविषयी बोलताना समीक्षक आणि छायाचित्रकार या दोघांखेरीज तिसरा पक्ष असतो, तो म्हणजे ज्याला बोलता येत नाही तो पक्षी.

शेकाट्या या लांब गुलाबी पायांच्या पाणपक्ष्याचे एक चित्र उदाहरणादाखल घेता येईल. पक्षी चिखलावर पंख पसरून एका अंगाला झुकला आहे, चोच उघडी आहे, डोळा शार्प आहे आणि त्यात प्रकाशाचा ठिपकाही आला आहे. मात्र पायांचा खालचा भाग फ्रेमबाहेर गेला आहे आणि पोटाच्या पांढऱ्या पिसांतील तपशील अतिप्रकाशाने उडाला आहे. असे चित्र सहसा पसरलेल्या पंखांमुळे वाहवा मिळवते, आणि दोष काढलाच तर कापलेल्या पायांचा व एक्स्पोजरचा काढला जातो. परंतु घरट्याजवळ धोका आला की शेकाट्या आपण जखमी असल्याचे सोंग करून शत्रूला अंडी-पिलांपासून दूर नेतो. तेव्हा ज्या मुद्रेला दाद मिळाली, ती त्या पक्ष्याची भीती असू शकते, आणि तो शत्रू म्हणजे कॅमेरा घेऊन जवळ गेलेला माणूस असू शकतो.

प्रवारणेतील ‘पाहिला’, ‘ऐकला’ आणि ‘शंका आली’ हे तीन शब्द येथे समीक्षेची शिस्त शिकवतात. उडालेला पांढरा रंग आणि कापलेले पाय हे पाहिलेले दोष आहेत, ते निःसंदिग्धपणे सांगता येतात. छायाचित्रकार स्वतः घरट्यापर्यंत गेल्याचे सांगत असेल तर तो ऐकलेला दोष आहे. आणि पक्षी विचलित झाला असावा हा केवळ चित्रावरून केलेला तर्क असेल, तर तो आरोप म्हणून नव्हे, प्रश्न म्हणून मांडला पाहिजे, कारण तीच मुद्रा जवळून गेलेल्या कुत्र्यामुळेही आलेली असू शकते.

चित्राचे मूल्य चित्रातच शोधावे, ते कसे मिळाले याची चौकशी कलेच्या बाहेरची आहे, असा आक्षेप यावर घेतला जातो. रंगचित्राच्या बाबतीत तो काही अंशी मान्य होईल. पक्ष्याचे छायाचित्र मात्र जिवंत प्राण्याच्या दिवसातील एका प्रत्यक्ष क्षणातून घडते आणि त्याची किंमत त्या प्राण्याला मोजावी लागू शकते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 याने तर वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विचलित करणे हे शिकारीच्या व्याख्येतच घातले आहे. म्हणून मन राखण्यासाठी केलेली खोटी स्तुती निरुपद्रवी नसते. ती पुढच्या छायाचित्रकारालाही त्याच घरट्याकडे पाठवते.

टीका ऐकून घेणे हीही साधना आहे. बौद्ध परंपरेत जो इतरांचा उपदेश सहज ऐकून घेतो, जो दोष दाखवताच प्रत्यारोप करत नाही, विषय बदलत नाही आणि रागावत नाही, अशा माणसाचा हा स्वभाव मोठा गुण मानला आहे. ज्येष्ठ छायाचित्रकारांनी आपले चित्र सर्वांत आधी परीक्षणासाठी पुढे ठेवले, तरच नवख्यांना निर्भयपणे बोलता येईल. चित्र दाखवणाऱ्याने ‘कसे वाटले’ एवढेच न विचारता ‘यात माझे काय चुकले आणि पक्ष्याला त्रास झाला असे वाटते का’ असे विचारावे, आणि पाहणाऱ्याने या दोन्ही प्रश्नांची उत्तरे सौम्यपणे, पण पूर्ण द्यावीत. जी समीक्षा यांपैकी दुसरा प्रश्न टाळते, तिला प्रामाणिक म्हणता येत नाही.