ईदनंतरचे रोजे

हिंगोली जिल्ह्यात हळदीचा हंगाम आणि रमजान अलीकडे एकाच वेळी येतात. २०२४ साली पहिला रोजा १२ मार्चला होता, २०२५ साली २ मार्चला. याच दिवसांत वसमत, कळमनुरी, औंढा भागात हळदीची काढणी, शिजवणी, वाळवण चालते आणि हिंगोलीच्या संत नामदेव हळद मार्केट यार्डात पोत्यांच्या थप्प्या लागतात. पाठीवर पोते घेणारा हमाल रोजेदार असेल तर दुपारी तीनला त्याचा घसा कसा कोरडा पडत असेल, हे वेगळे सांगायला नको. काही जण महिना तडीस नेतात. काहींचे दोन-चार रोजे सुटतात. कुणाला ताप येतो, कुणी प्रवासात असतो. बायकांचे तर दरवर्षी काही रोजे सुटायचेच. मग ईद होते, शिरखुर्मा होतो, गळाभेटी होतात आणि महिना संपला असे आपण बाहेरचे लोक धरून चालतो. ज्यांचे रोजे राहिले, त्यांचा हिशेब तिथून पुढे सुरू होतो.

राहिलेला फर्ज, म्हणजे बंधनकारक, रोजा नंतर भरून देणे म्हणजे कजा. हिजरी सन २ मध्ये, म्हणजे इसवी सन ६२४ च्या सुमारास, रमजानचे रोजे फर्ज झाले. कुराणाच्या अल-बकरा या अध्यायात ज्या आयतींनी ते सांगितले आहेत, तिथेच आजारी माणसाला आणि प्रवाशाला सवलतही दिली आहे: आज जमत नसेल तर दुसऱ्या दिवसांत तेवढीच संख्या पुरी करा. लोकांवर ओझे टाकायचे नाही, त्यांना सोपे करायचे आहे, हा खुलासाही तिथेच येतो. हुकूम आणि सवलत एकाच श्वासात सांगितलेली आहे.

कजाचा हिशेब सरळ आहे. एका रोजाला एक रोजा. सलग ठेवायची सक्ती नाही. आठवड्याला एक ठेवला तरी चालतो. दोन्ही ईद आणि बकरी ईदनंतरचे तीन दिवस, एवढे पाच दिवस वगळायचे. मराठवाड्यातले बहुतेक मुसलमान हनफी मताचे. त्या मतानुसार रमजानच्या रोजाची नियत सकाळी उशिरापर्यंत करता येते, कजाची मात्र पहाट फुटण्याआधीच करावी लागते. रोजा असल्याचे विसरून कुणी पाणी प्यायले तर रोजा तुटत नाही. रमजानचा रोजा जाणूनबुजून तोडला तर कजा वेगळी आणि कफ्फारा वेगळा: लागोपाठ साठ रोजे, ते खरोखर झेपत नसतील तर साठ गरिबांना जेवण. किती रोजे राहिले तेच आठवत नसेल, तर ज्या आकड्यावर मनाची खात्री पटेल तो धरायचा आणि तिथून फेडायला लागायचे.

या सगळ्यात पैशाची जागा फार थोडी आहे, याकडे लक्ष द्यायला हवे. ज्याला पुन्हा कधी रोजा झेपण्याची आशाच उरलेली नाही, अशा जर्जर म्हाताऱ्याने किंवा असाध्य रोग्याने एका रोजामागे एका गरिबाला दोन वेळचे जेवण किंवा साधारण पावणेदोन किलो गहू, नाहीतर त्याची किंमत द्यायची. हा फिदया. पण ज्याच्या अंगात बळ आहे, त्याला फिदया देऊन सुटता येत नाही, मग तो यार्डातला बडा अडत्या का असेना. फिदया देऊन झाल्यावर रोगी बरा झाला, तर दिलेले दान म्हणून राहते आणि रोजे पुन्हा अंगावर येतात. उलट, आजारात रोजे सुटले आणि बरे होण्याआधीच माणूस गेला, तर त्याच्या नावावर काहीच बाकी राहत नाही. संधीच मिळाली नाही, त्याचे देणे कसले? अडत्या असो की हमाल, भूक ज्याची त्यानेच सोसायची. पैशाने कर्तव्य विकत घेण्याची सवय लागलेल्या आपल्या काळाला हा नियम चांगलाच टोचण्यासारखा आहे.

पण संधी मिळूनही रोजे फेडायचे राहिले आणि माणूस गेला, तर? हदीसमध्ये एक प्रसंग आहे. एक माणूस पैगंबरांकडे येऊन विचारतो की आई वारली, तिच्यावर महिन्याचे रोजे बाकी आहेत, मी काय करू? ते त्यालाच विचारतात की आईवर कुणाचे पैसे देणे असते तर ते तू फेडले असतेस ना? मग अल्लाहचे देणे फेडणे तर त्याहून जरुरीचे. मृताच्या वतीने वारसाने रोजा ठेवायचा की जेवण घालायचे, यावर पुढे विद्वानांत मतभेद झाले आणि हनफी पंथाने जेवण घालण्याचा मार्ग धरला. देणे मात्र सगळ्यांनीच मानले. दुष्काळात बँक पीककर्जाचे पुनर्गठन करते तेव्हा हप्ता पुढे सरकतो, कर्ज पुसले जात नाही, हे आपल्या शेतकऱ्याला सांगायला नको. कजाचेही तसेच, फक्त मुदत लांबली म्हणून हनफी मतानुसार इथे व्याज चढत नाही. कोकणात रत्नागिरी-रायगडकडचे मुसलमान बहुतांशी शाफई. त्यांच्याकडे कारण नसताना पुढच्या रमजानपर्यंत कजा रखडली, तर रोजा ठेवायचाच, शिवाय प्रत्येक दिवसामागे एक मुद धान्य, म्हणजे पाऊण किलोच्या आतबाहेर, गरिबाला द्यायचे. एकाच राज्यातल्या दोन मुलुखांत दिरंगाईचा दंड वेगळा. मूळ रकमेवर दोघांचे एकमत.

आता बायकांकडे वळू. माझ्या मते या विषयाचा गाभा तिथेच आहे. मासिक पाळीत रोजा ठेवायला शरीयतने मनाई केली आहे. त्या दिवसांतली नमाज कायमची माफ. रोजे मात्र नंतर ठेवायचे. हा फरक का, असे एकीने पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशांना विचारले. आम्हाला तसेच सांगितले होते, एवढेच त्यांचे उत्तर. नमाज दिवसाला पाच वेळा, महिन्या-महिन्याला साचत गेली तर डोंगर होईल. रोजे वर्षातून एकदाच सुटतात, म्हणून ते पेलतात, अशी संगती पुढच्या विद्वानांनी लावली. खुद्द आयेशांचे राहिलेले रोजे शाबान महिना उजाडेपर्यंत लांबत, म्हणजे पुढचा रमजान एका महिन्यावर येई, हेही त्यांनीच सांगून ठेवले आहे. पैगंबरांच्या घरात हे इतके मोकळेपणाने बोलले गेले.

आजच्या मुसलमान घरांत काय होते? ज्या दिवशी रोजा ठेवायला मनाई आहे, त्याही दिवशी मुलगी सहरीला, म्हणजे पहाटेच्या जेवणाला, उठते, भावांसमोर, सासऱ्यांसमोर रोजेदारासारखी वावरते आणि दुपारी स्वयंपाकघराचे दार लोटून घाईघाईने दोन घास खाते. शरमेचा हा नियम शरीयतचा नाही, घराचा आहे. हिंदू घरांनी यावर हसू नये. कावळा शिवला म्हणून लेकी-सुनांना बाजूला बसवण्याची रीत आपल्याकडे अजून पुरती गेलेली नाही. तिथे लपवायला लावतात, इथे दाखवायला लावतात.

रमजानचा रोजा अवघड असतो, पण एकाकी नसतो. सहरीला गल्ली जागी असते, संध्याकाळी फळांच्या गाड्या लागतात, इफ्तारला घर एका दस्तरखानाभोवती बसते, रात्री तरावीहची नमाज होते. कजाच्या रोजाला यातले काही नाही. कजा ठेवणाऱ्या बाईने एकटीने उठायचे, कालची भाकरी गरम करून खायची, दिवसभर सगळ्यांसाठी रांधायचे, चव न घेता मीठ टाकायचे आणि मगरिबच्या अजानला पाण्याचा घोट घ्यायचा. शेजारी चहा पुढे करतात, त्यांना काय सांगायचे हाही प्रश्नच. बायका आपसात तेवढ्या एकमेकींना विचारतात, "तेरे कित्ते बाकी?" बरेच जण थंडीची वाट पाहतात. मे महिन्यात आपल्याकडे रोजा साडेचौदा तासांच्या आसपास जातो, डिसेंबरात सव्वाबारापर्यंत उतरतो. २०१९ साली रमजान ७ मेला सुरू झाला होता. तेव्हाच्या उन्हात सुटलेले रोजे हिवाळ्यात फेडले, तर त्यात पळवाट नाही, शहाणपण आहे.

या रोजांची नोंद कुणी ठेवत नाही. मशिदीत यादी लागत नाही, मौलवी विचारायला येत नाहीत, नवऱ्यालाही आकडा ठाऊक नसतो. देणे किती, फेडले किती आणि उरले किती, हे फक्त देणेकऱ्याला माहीत. म्हणून माणसाचा कस लावायचा तर तो इथे लागतो, असे मला वाटते. सगळे उपाशी असताना उपाशी राहणे हे शिस्तीचे काम. सगळे जेवत असताना, कुणी विचारणार नसताना उपाशी राहणे हे इमानाचे काम.

मात्र सवलत नाकारण्यातही मोठेपण नाही. मधुमेहाचा रुग्ण, इन्शुलिनवर असलेली आजी, डायलिसिसवरचा माणूस डॉक्टर नको म्हणत असताना हट्टाने रोजा ठेवतो आणि घर त्याचे कौतुक करते. एका प्रवासात रोजाने गळून पडलेल्या एका माणसावर लोक सावली धरून उभे होते. ते पाहून पैगंबरांनी प्रवासात असा रोजा ठेवणे पुण्याचे नाही, असे बजावले. मक्केच्या मोहिमेवर जाताना तर त्यांनी सर्वांना दिसेल असे भांडे उंच धरून पाणी प्यायले, कारण ते पितात हे पाहिल्याशिवाय लोक प्यायला धजले नसते. हमालाचेही तेच. त्याने शक्य तर काम पहाटे उरकावे, मालकाने रमजानपुरते ओझे हलके करावे. तरीही भोवळ येऊन जिवावर बेतायची वेळ आली, तर रोजा सोडावा आणि पुढे एक रोजा ठेवावा. देवाने दिलेली सूट न घेणे हा कधी कधी अहंकारच असतो, भक्तीच्या कपड्यांतला.

चुकलेल्या कर्तव्याशी वागण्याच्या आपल्या दोनच रीती आहेत. एक तर "जमले नाही" म्हणून विषय मिटवायचा, नाहीतर चुकणाऱ्याला लाजवून हैराण करायचे. शिक्षकाचे तास बुडतात, तो रजेचा अर्ज देतो. पोरांचे बुडालेले धडे कुणी मोजत नाही. लग्नात मित्राकडून घेतलेले पैसे दरवर्षी "या दिवाळीला नक्की" म्हणत राहून जातात. माफी मागायला आपण तयार असतो, कारण तिला खर्च नाही. कजा तिसरी रीत शिकवते: कारण खरे असेल तर ते मोकळ्या मनाने मान्य करा, माणसाला लाजवू नका, मुदत द्या आणि देणे मात्र उभे ठेवा. त्यात रडारड नाही, शोभा नाही. जितके राहिले तितके मोजायचे आणि एकेक करून द्यायचे. मुद्दाम चुकवले असेल तर पश्चात्ताप वेगळा करायचा. पश्चात्ताप केला म्हणून दिवस भरून निघत नाही आणि दिवस भरला म्हणून पश्चात्तापाची गरज संपत नाही.

तुमच्या घरात कुणाचे रोजे बाकी असतील, तर पुढच्या रमजानच्या आत ते फिटावेत म्हणून हातभार लावा. त्या दिवशी चुलीचा भार उचला, सहरीला सोबत उठा, एखादा नफिल, म्हणजे ऐच्छिक, रोजा तिच्या जोडीने ठेवा. पाळीच्या दिवसांत तिला लपून पाणी प्यावे लागणार नाही, एवढे तरी घर मोकळे करा. आणि ज्यांचा रमजानशी संबंध नाही, त्यांनी आपापली राहिलेली देणी एकदा मोजायला बसावे: पैशांची, वेळेची, दिलेल्या शब्दांची. आकडा आठवत नसेल, तर थोडा जास्तीचा धरावा आणि आजपासून फेडायला लागावे.