पाचची प्लेट

दिवाळीत पलूसला गेलो होतो तेव्हा धाकट्या चुलतभावानं दोन कागद माझ्यासमोर ठेवले. त्याने सेकंडहँड डिझेल गाडी घेतली होती. कंपनीच्या माहितीपत्रकात तिची ताकद १२० एचपी. पुण्यातल्या एका डायनोवर ती १०९ भरली आणि कोल्हापुरातल्या दुसऱ्यावर ९८. गाडी तीच, मध्ये फक्त एक आठवडा.

“दादा, कोण खोटं बोलतंय सांग की.”

मी मेकॅनिकलचा, म्हणून प्रश्न माझ्याकडे. कॉलेजच्या लॅबमध्ये आम्ही ड्रमला दोर गुंडाळून, एका टोकाला वजन आणि दुसऱ्याला स्प्रिंग बॅलन्स लावून इंजिनाची ताकद काढायचो. (खरं सांगायचं तर आधी उत्तर लिहायचो, मग त्याला जुळणारी रीडिंग.) तेव्हा एक गोष्ट कळली होती. ताकद थेट दिसत नाही. इंजिनाला अडवावं लागतं, त्याचा जोर आणि वेग मोजावा लागतो आणि गुणाकार करावा लागतो. कुठं अडवलं आणि कसं अडवलं, यावर उत्तर ठरतं.

१२० हा आकडा क्रँकशाफ्टवरचा. पुढे गिअरबॉक्स, अ‍ॅक्सल आणि टायर आपापला वाटा खातात. त्यांना हात लावून पाहा, गरम लागतात. वाटा नेमका किती, याचा ठरलेला टक्का नाही, कुणी छातीठोकपणे सांगत असला तरी.

पुण्याच्या यंत्रात एक जड रोलर होता. गाडी तो किती झपाट्यानं पळवते यावरून ताकद काढायची. काही सेकंदांत काम संपतं, इंजिनाला तापायला सवड मिळत नाही. कोल्हापूरच्या यंत्रात रोलरला विजेचा ब्रेक. त्यात गाडी दमेपर्यंत दाबून धरता येते. आत जाणारी हवा तापते आणि आकडा उतरतो. त्यात टायरमधली हवा, पट्टे किती आवळले, कुठल्या गिअरमध्ये पळवली, हेही आलंच.

पण मला खरी गंमत कागदाच्या कोपऱ्यात सापडली. पुण्याच्या आकड्यावर हवामानाची दुरुस्ती केलेली होती, कोल्हापूरचा कच्चा होता. पुणे काय, कोल्हापूर काय, समुद्रापासून साडेपाचशे मीटरच्या वरच. इथली हवा विरळ, म्हणून सॉफ्टवेअर हिशेब करतं की समुद्रकाठी हीच गाडी किती भरली असती, आणि तेवढे एचपी वर टाकतं. साध्या पेट्रोल इंजिनाला ते न्याय्य आहे. भावाच्या गाडीला टर्बो आहे, तो विरळ हवेची भरपाई बरीचशी स्वतःच करतो. तिला तीच दुरुस्ती लावली तर एकाच गोष्टीचे पैसे दोनदा मिळतात.

“म्हणजे कुणीच खोटं नाही?” भावाला हे पटलं नाही. त्याला एक चोर हवा होता.

मला मात्र चोर आठवला. तो आमच्याच विहिरीवर होता.

आमचा भाग पंपांचा. शेजारच्या किर्लोस्करवाडीत १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना काढला. इथल्या पोराला अश्वशक्ती पुस्तकात भेटत नाही, विहिरीवर भेटते. तिथंही एकच आकडा नसतो. पाचची मोटर तारेतून पाचापेक्षा जास्त ओढते, शाफ्टवर पाच देते, आणि पाण्याच्या वाट्याला त्यातले तीनच्या आसपास येतात. तिन्ही खरे.

आमच्याकडे मीटर नव्हतं, बिल एचपीवर यायचं. मी नववीत असताना आप्पांनी साडेसातची मोटर आणली आणि तिच्यावर पाचची प्लेट ठोकली. प्लेट मी धरली होती.

आप्पांची बाजू अशी: “त्यांची वीज तरी कुठं पुरी असती?” हे चूक नव्हतं. दाब पडला की कुठलीच मोटर प्लेटवरचं देत नाही, उलट जास्त करंट ओढते आणि जळते. कागदावर त्यांचा दाब खोटा, कागदावर आमचा एचपी खोटा. फिट्टंफाट. मला तो हिशेब कितीतरी वर्षं बिनतोड वाटायचा.

पण डीपी कागद वाचत नाही. तिच्यावर आमच्यासारखेच आणखी पाचवाले होते. एका उन्हाळ्यात ती जळाली, आणि नवी येईस्तोवर ज्यांच्या मोटरा खऱ्याच पाचच्या होत्या त्यांचाही ऊस वाळला. शेजारच्या काकूंनी आप्पांना एका शब्दानं विचारलं नाही. मला वाटतं, त्यांना माहीत होतं.

तेव्हापासून माझ्यापुरता फरक असा आहे. पुणे आणि कोल्हापूरच्या कागदांनी कुठं आणि कसं मोजलं ते कोपऱ्यात तरी छापलं होतं. आम्ही मोजलंच नव्हतं. बिल किती यावं ते आधी ठरवलं आणि त्याला जुळणारा आकडा ठोकला. लॅबमधल्या रीडिंगसारखा. २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत आहे. म्हणजे आता सगळं बिल एका रेघेवर उभं आहे. दहाच्या मोटरला साडेसातची प्लेट लावायचा मोह कुणाला होत नसेल, असं मी तरी म्हणणार नाही.

भावाने महिन्याभरात गाडी विकायला काढली. जाहिरातीत आकडा कुठला टाकू, म्हणून फोन आला. दोन्ही कागदांचे फोटो टाक म्हटलं, कोपऱ्यासकट. कुरकुरला, पण टाकले. पहिल्या गिऱ्हाइकानं ते बघितलेसुद्धा नाहीत. त्यानं विचारलं, “अ‍ॅव्हरेज किती देते?”

आता ते माहितीपत्रकातलं मायलेजही डायनोच्या रोलरवरच मोजलेलं असतं. भावानं फोनवर हात ठेवून मला विचारलं, “दादा, रोलरवरचं सांगू का तासगाव रोडवरचं?”