केळे आणि सुपारी

डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकेत मायामीला भरलेल्या ‘आर्ट बासेल’च्या कलाजत्रेत पेरोतँ या कलादालनाने मौरित्सियो कातेलान या इटालियन कलावंताचे एक केळे मांडले होते. खरेखुरे केळे, चिकटपट्टीने भिंतीला चिकटवलेले! किंमत १,२०,००० डॉलर. एका गृहस्थाने ते सोलून खाल्ले, तर दालनाने निमूटपणे दुसरे लावले. कारण विकले होते ते केळे नव्हेच, सोबतचे प्रमाणपत्र.

घरी हे सांगताना मी पोटभर हसलो. पण हसता हसता पूजेतली सुपारी आठवली. तिला आपण गणपती म्हणतो, आणि विसर्जनाच्या अक्षता पडल्या की ती पुन्हा सुपारी. मग मी कोणत्या तोंडाने हसावे? एवढे खरे, की आमची सुपारी कोणाच्याही घरी गणपती होते. तिची प्रमाणपत्रे मोजकीच काढलेली नसतात.

नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात याच कृतीचे ६२ लाख डॉलर आले. त्या दिवशीचे केळे जवळच्याच एका गाडीवरून ३५ सेंटला आणलेले. किंमत कळल्यावर तो म्हातारा फळवाला रडला म्हणतात. त्याला कोणी फसवले नव्हते. मागितला तो भाव मिळाला होता. तरी ते रडणे अवास्तव होते, असे माझ्याने म्हणवत नाही.

परवा आमच्या केळीवाल्याशी डझनामागे पाच रुपयांसाठी मी नेहमीप्रमाणे घासाघीस केली. पाच रुपये सुटलेही.