योगक्षेमाचा हप्ता

आमच्या घरी गेली अकरा वर्षे एक विमापत्र आहे. अपघाताने हातपाय निकामी झाल्यास ठरलेली रक्कम, आणि काही काळ अंथरुणास खिळावे लागल्यास ठरावीक मुदतीपर्यंत दर आठवड्यास थोडी रक्कम मिळावी, असा त्याचा करार. ईश्वरकृपेने त्यातून एक पैही घेण्याचा प्रसंग आला नाही. यंदा हप्त्याचे स्मरणपत्र आले तेव्हा घरात प्रश्न निघाला : हे चालू ठेवावे की बंद करावे? एकाने म्हटले, इतके पैसे पाण्यात गेले. दुसऱ्याने म्हटले, देवावर भरवसा असेल तर विमा कशाला?

दुसरा आक्षेप धर्माचा आहे. म्हणून त्याचा विचार आधी करू. गीतेच्या नवव्या अध्यायातील बाविसाव्या श्लोकात भगवंतांनी अनन्य भक्ताच्या योगक्षेमाचा भार स्वतःकडे घेतला आहे. जे मिळाले नाही ते मिळणे हा योग, आणि मिळालेल्याचे रक्षण हा क्षेम. १९५६ साली स्थापन झालेल्या आयुर्विमा महामंडळाने आपले ब्रीद याच श्लोकातून घेतले. तेव्हा भगवंत भार वाहतात याविषयी आमचा वाद नाही. ते कोणाच्या खांद्यावरून वाहतात, एवढाच आमचा प्रश्न आहे.

आम्ही लहान असताना वडिलांचा उजवा हात मोडला. शिवणकामावर चालणारे घर. यंत्र चार महिने बंद राहिले. आम्ही उपाशी राहिलो नाही, हे खरे. परंतु थोरल्या बहिणीची शाळा सुटली ती कायमचीच. देवाने आमचा योगक्षेम वाहिला, पण तो तिच्या खांद्यावरून वाहिला. तिने कधी तक्रार केली नाही. म्हणूनच ती गोष्ट आम्हांस अधिक बोचते.

या प्रश्नावर प्रकाश पाडणारा एक जुना लेख धार जिल्ह्यातील बाग या गावी सापडलेला आहे. बाघिनी नदीच्या काठी तेथे कोरलेले बौद्ध विहार भित्तिचित्रांसाठी सर्वश्रुत आहेत. १९२९ साली तेथील दुसऱ्या गुंफेत माहिष्मतीच्या महाराज सुबंधूचा ताम्रपट मिळाला. सुमारे पंधरा-सोळा शतकांपूर्वी त्या राजाने विहारास एक गाव दान दिले. त्या उत्पन्नातून बुद्धपूजेची गंधधूपपुष्पे तर व्हावीतच. शिवाय विहाराच्या मोडक्यातोडक्या भागांची दुरुस्ती व्हावी, आणि चारी दिशांनी येणाऱ्या भिक्षूंना वस्त्र, अन्न, आसन, शय्या, आजारपणातील शुश्रूषा व औषध मिळावे, असे त्यात नमूद आहे. ज्यांनी सर्वस्वाचा त्याग केला त्यांच्याही आजारपणाची तरतूद पूजेच्या शेजारीच लिहिली गेली. कोणता भिक्षू आजारी पडेल हे दात्यास ठाऊक नव्हते. कोणीतरी पडेल, हे ठाऊक होते. विम्याचे मर्मही हेच नव्हे काय? ते दान होते व हा करार आहे, हा भेद आम्ही विसरत नाही. तथापि आमचा हप्ता पाण्यात गेला नाही. तो कोणाच्या तरी मोडलेल्या हाडाकडे गेला. आमचा हात मोडला नाही याची खंत करावी, असा अविचार आमच्याही मनास क्षणभर शिवला, हे आम्ही लपवीत नाही.

आता हिशेब. त्याच बाग गावातील छपाईचे कारागीर आज लाकडी ठशांनी कापड छापतात व ओले जड कापड वाहत्या पाण्यात धुतात. त्यांची सारी मिळकत हातांवर. अशांसाठी २०१५ पासून शासनाची सुरक्षा विमा योजना आहे : २०२२ पासून वर्षाला २० रुपये हप्ता, अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्व आल्यास २ लाख, अंशतः कायम अपंगत्वास १ लाख. परंतु महिनाभराच्या तापाने रोजगार बुडाला तर तिच्यातून काही मिळत नाही. म्हणून विमापत्र ठेवण्यापूर्वी वा सोडण्यापूर्वी ते वाचावे : कशास भरपाई आहे, कशास नाही, किती दिवसांनी व किती काळ. एकदा सोडल्यावर वाढलेल्या वयात व नव्या दुखण्यांसह पुन्हा घेणे महाग पडते, कधी अशक्यही होते. हप्ता जड झाला असेल तर रक्कम कमी करून घेता येते काय, हे आधी विचारावे.

ज्यांचे निवृत्तिवेतन हात मोडला तरी थांबणार नाही, अथवा ज्यांची शिल्लक वर्षभर घर चालवील, त्यांनी असे विमापत्र निःशंकपणे बंद करावे. निव्वळ भयापोटी हप्ता भरीत राहणे हाही विवेक नव्हे. परंतु ज्यांच्या मागे वृद्ध आईबाप व शिकती मुले आहेत, त्यांनी स्वतःस एकच प्रश्न विचारावा : आपले हात थांबले तर हा भार घरातील कोणाच्या खांद्यावर जाईल?

आम्ही रक्कम थोडी कमी करून विमापत्र चालू ठेवले आहे. देवावरील भरवसा तसाच आहे. त्याच्या भाराखाली एखाद्या मुलीची शाळा पुन्हा सुटू नये, एवढीच काळजी आम्ही आपल्याकडून घेतली आहे.