किमान पात्रता

लॅपटॉप दुरुस्तीच्या धंद्यात तत्त्वज्ञान येत नाही, असं बाहेरच्यांना वाटतं. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या दुकानात मात्र ते रोज येतं. बारावी झालेला पोरगा आणि त्याचे वडील साठ-पासष्ट हजारांचा लॅपटॉप काउंटरवर ठेवतात. पोरगा विचारतो, "दादा, ह्याच्यावर सायबरपंक चालंल का?" वडील म्हणतात, "एवढं पैसं घातल्यात, मग चालाय नको व्हय?" दोघांचेही प्रश्न अधिकाराचे. पात्रता कुणाची, ती ठरवतं कोण, आणि कमी पात्रतेवर जे मिळतं ते खरंच तेच असतं का?

आमच्या घरी श्रावणात ज्ञानेश्वरीचं पारायण असतं, त्यामुळे हा अधिकाराचा विषय लहानपणापासून कानावर आहे. सदानंदांचा 'वेदान्तसार' उघडला की आधी ब्रह्म भेटत नाही, अधिकारी भेटतो. त्याला विवेक हवा, वैराग्य हवं, शमदमादी सहा गुण हवेत, मोक्षाची तळमळ हवी. गेमचंही तसंच, कथा नंतर आणि यादी आधी. 'सायबरपंक 2077' ची आजची किमान यादी अशी: आय-सेव्हन 6700 प्रोसेसर, 12 जीबी रॅम, सहा जीबीचं जीटीएक्स 1060 कार्ड, 70 जीबी जागा आणि तीही एसएसडीवर. एवढं असेल तर 1080पी ला, लो सेटिंगवर, सेकंदाला 30 फ्रेम. मध्यम किमतीच्या लॅपटॉपात बहुतेक वेळा आरटीएक्स 3050 येतं, चार जीबीचं. कार्ड नव्या पिढीचं, पण मेमरी दोन जीबी कमी. यादी काटेकोर वाचली तर पोरगा दारातूनच परत.

दारातून परत पाठवण्याची आपल्याला जुनी सवय आहे. ब्रह्मसूत्रांच्या पहिल्याच अध्यायात अपशूद्राधिकरण आहे. कुणी वेद ऐकायचा नाही हे तिथं शांतपणे ठरवून टाकलंय. पंढरपुरात चोखोबांची समाधी महाद्वारासमोर, देवळाबाहेर आहे, आणि अस्पृश्य ठरवलेल्यांना दार उघडायला 1947 साली साने गुरुजींना उपोषण करावं लागलं. गेमच्या यादीची मी त्या अन्यायाशी बरोबरी करत नाही. लॅपटॉपला अपमान कळत नाही. पण यादी म्हणजे वस्तूचा स्वभाव नव्हे, ती माणसांनी ठरवलेली असते, एवढं दोन्हीकडे दिसतं. डिसेंबर 2020 मध्ये गेम आला तेव्हा किमान यादीत तीन जीबीचं जीटीएक्स 780 आणि आठ जीबी रॅम होती. 2023 मध्ये मोठा बदल करून यादी वर सरकवली. उलट, ज्या पीएस 4 साठी कंपनी स्वतः गेम विकत होती त्यावर तो इतका वाईट चालला की सोनीनं दीड आठवड्याच्या आत आपल्या दुकानातून काढला आणि लोकांचे पैसे परत दिले. आणि आज तोच गेम स्टीम डेक नावाच्या हातातल्या यंत्रावर, 15 वॅटच्या चिपवर चालतो. पात्र म्हटलेलं नापास झालं आणि हातात मावणारं पास!

गीतेच्या बाराव्या अध्यायात ह्याच्या अगदी उलट पद्धत आहे. आठव्या श्लोकात देव म्हणतो, मन-बुद्धी माझ्यात ठेव. लगेच पुढं, ते जमत नसेल तर अभ्यास कर. तेही नसेल तर माझ्यासाठी कर्म कर. तेही नसेल तर कर्माचं फळ तेवढं सोड. अल्ट्रा, हाय, मीडियम, लो! चार पायऱ्या, आणि कुठल्याही पायरीवरच्याला 'तू परत जा' म्हटलेलं नाही. शेवटच्या पायरीलाही एक अट आहे, मन आवरलेलं असावं. तळ असतोच. जुनं ऑनबोर्ड ग्राफिक्स आणि साधी हार्ड डिस्क घेऊन आलेल्याला मी सरळ नाही म्हणतो.

खरी गंमत पुढच्या श्लोकात आहे. बारावा श्लोक क्रम लावतो: अभ्यासाहून ज्ञान बरं, ज्ञानाहून ध्यान, आणि ध्यानाहूनही कर्मफळाचा त्याग. म्हणजे आत्ताच जी सगळ्यात खालची पायरी सांगितली, तीच सगळ्यात वर! शंकराचार्य म्हणतात, ही नुसती स्तुती, खालच्यानं नाउमेद होऊ नये म्हणून. टिळकांना ते पटलं नाही. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या 'गीतारहस्या'त त्यांनी ह्या श्लोकाचा अर्थ जसा आहे तसाच घेतला. मी टिळकांकडून, आणि त्याला कारण माझं टेबल आहे.

लॅपटॉप उघडला. पंख्याच्या जाळीत धुळीचा थर, प्रोसेसरवरची पेस्ट वाळून खडू झालेली. रॅमच्या दोन स्लॉटपैकी एकात आठ जीबी, दुसरा रिकामा. साफसफाई केली, नवी पेस्ट लावली, रिकाम्या स्लॉटात आणखी आठ घातली. चार्जर लावूनच गेम चालू केला, बॅटरीवर कार्ड निम्म्या जोरानंही पळत नाही. प्रकाश आणि प्रतिबिंबं मोजणारं रे ट्रेसिंग बंद. टेक्स्चर मीडियमला, कारण चार जीबी भरली की चित्र नुसतं मंद होत नाही, अडखळतं. रस्त्यावरची गर्दी लो, तिचा भार प्रोसेसरवर पडतो. डीएलएसएस क्वालिटीवर. चाळिसाच्या पुढं फ्रेम आल्या, गेममधल्या बाजारात थोड्या घसरल्या.

गेलं काय? डबक्यातलं निऑनचं प्रतिबिंब गेलं, लांबच्या माणसांचे चेहरे गेले. राहिलं काय? नायकाच्या डोक्यात एक चिप आहे, चिपमध्ये मेलेल्या जॉनी सिल्व्हरहँडच्या मनाची नक्कल, आणि ती नक्कल नायकाला हळूहळू पुसून त्याच्या जागी बसतेय. मग 'मी' कोण? हा प्रश्न लो सेटिंगवर तेवढाच टोचतो. किंबहुना प्रतिबिंबं बघत थांबायला होत नाही, म्हणून जास्त.

एक शंका पोरगाच काढतो, आणि ती रास्त आहे. डीएलएसएस म्हणजे फसवणूकच ना? क्वालिटीवर कार्ड आतून 1280 गुणिले 720 चंच चित्र काढतं आणि 1920 गुणिले 1080 चं दाखवतं. निम्म्याहून जास्त ठिपके मोजलेलेच नसतात. पण ते हवेतून येत नाहीत, आधीच्या फ्रेममध्ये दिसलेल्यावरून येतात. नैयायिक ह्याला अनुमान म्हणतील, आणि धूर दिसलेला असेल तर अग्नीचं अनुमान प्रमाण आहे.

फ्रेम जनरेशनला मात्र माझा विरोध आहे. त्यात दोन मोजलेल्या फ्रेमच्या मध्ये एक बनवलेली घुसवतात. कोपऱ्यातला आकडा 30 चा 60 होतो, पोरगा खूश. पण त्या मधल्या फ्रेमला तुमच्या बोटाची खबर नसते. तुम्ही बटण दाबता, चित्र गुळगुळीत सरकतं, आणि उत्तर पहिल्यापेक्षाही उशिरा येतं. मुळात 60 फ्रेम असतील तरच हे वापरा, असा सल्ला हे तंत्र देणाऱ्या एएमडी कंपनीचाच आहे. ज्याला गरज नाही त्याच्यासाठीच ते आहे. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाच्या लक्षणांत अमानित्वानंतर लगेच अदंभित्व, म्हणजे दिखावा नसणं, येतं, आणि ज्ञानोबा तिथं बराच वेळ थांबतात. पायरी खाली उतरणं आणि वरच्या पायरीवर असल्याचं दाखवणं ह्यांतला फरक त्यांना ठाऊक होता.

म्हणून वडिलांना माझं सांगणं असं: मालक, गेम चालेल, नवा लॅपटॉप नको, आठ जीबी रॅम आणि साफसफाई पुरे. आणि पोराला: रे ट्रेसिंग बंद, फ्रेम जनरेशन बंद, कोपऱ्यातला आकडाही बंद कर, आणि खेळ.