झाकली मूठ : एकीकरण, फूट आणि प्रश्न विचारण्याचा अधिकार

१

मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी लाँच रेवसला लागते, आणि समोरच्या करंजाला जाणारी तरही येथूनच सुटते. रेवसपासून गोव्याच्या वेशीवरील रेड्डीपर्यंत किनाऱ्याने जाणारा सागरी महामार्ग ज्यांच्या नावाशी जोडला जातो, ते बॅ. अब्दुल रहमान अंतुले याच जिल्ह्यातल्या आंबेतचे. ज्या चिंतामणराव देशमुखांनी १९५६ साली केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडले, त्यांचा जन्म महाडजवळच्या नाते गावचा, आणि १९५२ साली ते लोकसभेवर निवडून गेले ते याच, तेव्हाच्या कुलाबा, मतदारसंघातून. रेवसच्या बाजूच्या आमच्या घरी या दोघांवरून पडवीत वाद होत असत. संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात तुरुंगात जाऊन आलेले आजोबा देशमुखांना मानीत, वडील अंतुल्यांना. वडिलांचे म्हणणे असे, की ज्या माणसाने बेळगावची बाजू मांडली आणि कुलाब्याला ‘रायगड’ हे नाव दिले, त्याचे काही चुकले असेल तर ते आपण आपसात बोलावे. आपलेच दात, आपलेच ओठ. आजोबांचे उत्तर ठरलेले असे : “आपसात म्हणजे नेमके कुठे? आजवर कुठे बोललो आपण?”

प्रस्तुत लेखाचा विषय हा प्रश्नच आहे. एखाद्या समाजाने आपल्या विखुरलेल्या भूभागाचे एकीकरण हे सर्वोच्च मूल्य मानले, की त्या मूल्याच्या वाहकांना विचारावयाच्या इतर नैतिक प्रश्नांचे काय होते? ते प्रश्न पुढे ढकलले जातात, की विचारणेच द्रोह ठरते? आणि तसे होत असेल, तर दोष उद्दिष्टाचा, माणसांचा, की ज्या भाषेत आपण ते उद्दिष्ट मांडतो त्या भाषेचा?

२

भाषेपासून आरंभ करणे साहित्याच्या अभ्यासकाला सोयीचे आहे. पण येथे ते आवश्यकही आहे. १९४६ साली बेळगावच्या मराठी साहित्य संमेलनात, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष असताना, संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीला संघटित रूप आले. म्हणजे ही मागणी राजकीय पक्षांच्या आधी साहित्यिकांच्या मंडपात उभी राहिली, आणि तिने आपल्या प्रतिमाही तेथूनच घेतल्या. प्रांत म्हणजे शरीर, वेगळा राहिलेला भाग म्हणजे तोडलेला अवयव; प्रांत म्हणजे आई, सीमेपलीकडचे लोक म्हणजे दुरावलेली लेकरे. या प्रतिमांचे सामर्थ्य निर्विवाद आहे. त्यांनी माणसांना गोळीबारासमोर उभे केले. तथापि प्रतिमा केवळ भावना जागवीत नाही, ती विचाराच्या मर्यादाही आखून देते. शरीराचा अवयव शरीराला प्रश्न विचारीत नाही, आणि आईचा हिशेब मागणारा मुलगा कृतघ्न ठरतो. ‘एकी’ आणि ‘फूट’ या जोडशब्दांत एक बाजू आधीच शुभ आणि दुसरी अशुभ ठरलेली असते. लोभाने फुटलेला आणि प्रश्न विचारून बाजूला झालेला, दोघांसाठीही आपल्याकडे ‘फुटीर’ हा एकच शब्द आहे. नैतिक विवेकाची पहिली हानी या शब्ददारिद्र्यात होते.

देशमुखांचा राजीनामा या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखा आहे. मुंबई केंद्रशासित करण्याचा निर्णय पंतप्रधानांनी जून १९५६ मध्ये जाहीर केला आणि जुलैत देशमुख मंत्रिमंडळाबाहेर पडले. लोकस्मृतीत हा राजीनामा ‘महाराष्ट्रासाठी’ दिलेला म्हणून राहिला, आणि ते खोटे नाही. परंतु त्यांच्या निवेदनातील आक्षेप दोन पातळ्यांवरचे होते. एक उद्दिष्टाचा : मुंबई महाराष्ट्राला नाकारणे अन्याय्य आहे. दुसरा पद्धतीचा : एवढा निर्णय मंत्रिमंडळात रीतसर विचार न होता घेतला गेला, आणि मुंबईतील गोळीबाराची न्यायालयीन चौकशी नाकारली गेली. उद्या मुंबई महाराष्ट्राला मिळाली असती, पण अशाच पद्धतीने, तर हा दुसरा आक्षेप उरलाच असता. पुढे १९५९ साली याच देशमुखांनी सत्ताधाऱ्यांवरील भ्रष्टाचाराच्या आरोपांच्या चौकशीसाठी उच्चस्तरीय न्यायाधिकरणाची मागणी केली, ती याच सूत्राला धरून. ती मान्य झाली नाही. एकीकरणाचा पक्ष घेणे आणि कारभाराचा हिशेब मागणे या त्यांच्या लेखी दोन परस्परविरोधी निष्ठा नव्हत्या.

‘गद्दार’ या शब्दाची विश्वासार्हताही त्याच काळाने तपासून दिली आहे. नेहरू आणि संयुक्त महाराष्ट्र यांत निवड करावयाची झाल्यास आपण नेहरूंची करू, असे म्हणणारे यशवंतराव चव्हाण द्रोही ठरवले गेले. १ मे १९६० रोजी एकीकृत राज्याचे पहिले मुख्यमंत्री तेच झाले. उलट ज्या संयुक्त महाराष्ट्र समितीने लढा दिला, तिच्यात राज्य मिळताच समिती ठेवावी की मोडावी यावर मतभेद विकोपाला गेले, कालपर्यंतचे सहकारी एकमेकांवर तुटून पडले, आणि १९६२ च्या विधानसभा निवडणुकीत काँग्रेसने २६४ पैकी २१५ जागा जिंकल्या. एकीकरणासाठी एकत्र आलेल्यांना एकमेकांशी असहमत होण्याची रीत या काळात घडवता आली नव्हती.

३

अंतुल्यांचे उदाहरण अधिक अवघड आहे, आणि म्हणून अधिक बोधक. महाराष्ट्राच्याच आग्रहावरून १९६६ साली नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७ मध्ये अहवाल दिला. त्याने २६४ गावे महाराष्ट्राला आणि २४७ गावे तेव्हाच्या म्हैसूर राज्याला देण्याची शिफारस केली; बेळगाव मात्र म्हैसूरकडेच ठेवले. या अहवालाची सर्वांत कसून चिकित्सा करणारा इंग्रजी ग्रंथ, ‘महाजन रिपोर्ट अनकव्हर्ड’, अंतुल्यांचा आहे. कोकणी मुसलमान घरातला एक बॅरिस्टर बेळगावच्या मराठीपणाचा वकील होतो, ही भाषिक एकीकरणाच्या विचाराची मोठी नैतिक मिळकत आहे. ‘आपला’ कोण, याचे उत्तर त्या विचाराने धर्माऐवजी भाषेत शोधले. ही गोष्ट पुढे जे घडले त्यामुळे पुसली जात नाही.

पुढे घडले ते असे. जून १९८० मध्ये अंतुले मुख्यमंत्री झाले. सिमेंटचे वाटप तेव्हा सरकारी नियंत्रणाखाली होते. १९८१ साली वृत्तपत्रांतून आरोप झाले, आणि जानेवारी १९८२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांनी आपल्या निकालात, बांधकाम व्यावसायिकांना दिलेले सिमेंट आणि मुख्यमंत्र्यांशी निगडित न्यासांना मिळालेल्या देणग्या यांचा संबंध जोडला. अंतुल्यांना पद सोडावे लागले. फौजदारी खटला वर्षानुवर्षे कायद्याच्या प्रश्नांवर सर्वोच्च न्यायालयात फिरत राहिला; त्यात त्यांना शिक्षा झाली नाही. मतदारांनी त्यांना पुन्हा लोकसभेवर पाठवले.

येथे एक तपशील आपल्याला, म्हणजे साहित्याच्या लोकांना, टाळता येणार नाही. त्या न्यासांपैकी प्रमुख ‘इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान’ हे साहित्यिक आणि कलावंतांच्या साहाय्यासाठी काढलेले होते. सिमेंटच्या पोत्याचा आणि कवीच्या मानधनाचा असा संबंध जोडला गेला, तेव्हा प्रश्न एका मुख्यमंत्र्याच्या शुचितेपुरता राहिला नाही. भाषेच्या वैभवासाठी म्हणून उभारलेला निधी कोठून येतो हे विचारावे की नाही, हा तो प्रश्न होता. उद्दिष्ट भाषेचे असले की साधनांची चौकशी आपण सैल सोडतो, हे मान्य करणे आपल्या व्यवसायाला जड जाते.

हा पेच आपल्यापुरता नाही. आयर्लंडमध्ये चार्ल्स हॉही हे बेटाच्या एकीकरणाचा ठाम पुरस्कार करणाऱ्यांपैकी गणले जात. १९७० साली शस्त्रास्त्र प्रकरणी त्यांचे मंत्रिपद गेले, न्यायालयात ते निर्दोष सुटले, आणि १९७९ साली पंतप्रधान झाले. एका व्यापाऱ्याकडून त्यांनी मोठ्या रकमा घेतल्याचे चौकशी न्यायाधिकरणाने १९९७ मध्ये नोंदवले, तेव्हा ते सत्तेबाहेर होते. राष्ट्राच्या अपुरेपणाविषयी बोलणाऱ्याच्या खाजगी हिशेबाकडे पाहणे क्षुद्रपणाचे वाटत राहते. आणि मोठ्या प्रश्नाची ही छाया लहान व्यवहारांना थंडावा देते.

४

याविरुद्ध एक आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा. आजोबांचा प्रश्न रेवसला विचारणे सोपे आहे, बेळगावात नाही. तेथे १ नोव्हेंबर हा काळा दिवस आणि १७ जानेवारी हा हुतात्मा दिन पाळणारा समाज सत्तेच्या विरुद्ध उभा आहे. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या दाव्याचा निकाल अद्याप लागलेला नाही. अशा समाजात मते फुटली की आवाजच संपतो. २०१८ साली महाराष्ट्र एकीकरण समिती दोन गटांत विभागून विधानसभेची निवडणूक लढली आणि तिचा एकही उमेदवार निवडून आला नाही. वेढ्यातल्या माणसाला, झाकली मूठ सव्वा लाखाची, हे शहाणपण शिकवावे लागत नाही.

हा आक्षेप मी अर्धा मान्य करतो. कोणता प्रश्न कधी आणि कोठे विचारावा याचा विवेक वेढ्यात अधिक लागतो. पण या म्हणीचा अर्थ नीट पाहावा. झाकलेल्या मुठीची किंमत सव्वा लाख असते ती पाहणाऱ्याच्या लेखी. मूठ ज्याची आहे त्याला आत काय आहे हे ठाऊक असते. म्हण परक्यासाठी आहे, आणि आपण ती स्वतःवर चालवू लागलो. समितीतील फूट प्रश्न विचारल्यामुळे पडली, असे म्हणण्यापूर्वी विचारायला हवे : आत प्रश्न विचारण्याची जागा असती, तर बाहेर पडण्याची पाळी कितीजणांवर आली असती? जेथे असहमतीला सभासदत्व नसते, तेथे तिला फुटूनच निघावे लागते. झाकणे हा फुटीवरचा उपाय समजला जातो. पुष्कळदा तेच तिचे कारण असते.

यातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला तार्किक : उद्दिष्टाची न्याय्यता माणसाची हमी देत नाही, आणि माणसाचा दोष उद्दिष्टाला खोटे पाडीत नाही. महाजन अहवालावरील अंतुल्यांचे युक्तिवाद सिमेंटच्या वाटपाने कमकुवत होत नाहीत. ते युक्तिवाद सिमेंटच्या वाटपाचे समर्थनही करीत नाहीत. दुसरा नैतिक, आणि तो या समरूपतेवर थांबत नाही. जे उद्दिष्ट आपल्या नावाखाली प्रश्न विचारण्यास मनाई करू देते, ते उद्दिष्ट त्या मनाईचे ऋण आपल्या शिरावर घेते. एकीकरण कशासाठी, याचे उत्तर नकाशात नाही. आपल्या भाषेत आपल्या माणसांना हिशेब विचारता यावा, हे त्याचे एक उत्तर आहे. मराठीतून तक्रार अर्ज देता यावा म्हणून सीमाभागातील माणूस इतकी दशके झगडतो. त्याने मराठी पुढाऱ्याविरुद्ध तक्रार करू नये असे त्याला सांगणे म्हणजे त्याच्या लढ्याचा आशयच काढून घेणे होय.

आजोबा आणि वडील, दोघेही आता नाहीत; वाद मिटला नव्हता. वडिलांना रेवस–रेड्डी रस्ता हे एका माणसाचे ऋण वाटे, आणि ते वाटणे मी खोटे ठरवू इच्छीत नाही. ऋण मान्य करूनही हिशेब मागता येतो, एवढेच मला त्यांना सांगायचे होते. मी ते त्यांच्यासमोर कधी म्हटले नाही. घरात फूट नको, असे तेव्हा मलाही वाटले होते.